पाचशेच्या बुलेटला टॅपेट निवडताना

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ५००, यूसीई इंजिनाची (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात). २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि हे पाचशेचं इंजिनच बंद झालं. त्यामुळे गाडी विकायची नाही, आहे तीच मनासारखी तयार करायची, हे ठरलेलं होतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मात्र ८४ मिलिमीटरचाच ठेवला. तो वाढवला की सीसी बदलते, आणि आरसी बुकातलं इंजिन एक, गाडीतलं दुसरं, ही भानगड मला नको होती. हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा मोकळ्या करणं), जरा जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन आणि जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे कॅम, एवढीच यादी. पोर्टिंगला नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला लेथवाला मिळाला, पिस्टन मिळाला. अडलं ते टॅपेटवर. टॅपेट म्हणजे कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला तुकडा: कॅम त्याला ढकलतो, तो पुशरॉडच्या दांड्याला, आणि शेवटी व्हॉल्व्ह उघडतो. तो ठोस असतो (सॉलिड) किंवा तेलाच्या दाबावर चालणारा (हायड्रॉलिक).

आमच्या बुलेटवाल्या मंडळींचा एकच सूर होता: हायड्रॉलिक काढ, सॉलिड टाक. हायड्रॉलिक म्हणजे शोरूमची गाडी, सॉलिड म्हणजे रेसिंग, असा एक समज पक्का बसलेला आहे. यातल्या बहुतेकांकडे जुन्या बुलेटची कास्ट आयर्न इंजिनं. तिथे सॉलिड शोभतात. थंड इंजिनाचं टॅपेट कव्हर उघडायचं, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. दोन पाने असले की घरच्या अंगणात सेटिंग होतं. हे सुख मी नाकारत नाही. पण यूसीईचा बॅरल अॅल्युमिनियमचा आहे आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पोलादी पुशरॉड घेतला, त्याची लांबी २०० मिलिमीटरच्या घरात धरली, तर तापमान १०० अंशांनी चढल्यावर सुमारे ०.२ मिलिमीटर फट नव्यानं तयार होते. फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या हिशेबात हे खूप झालं. थंडीत मोजून लावलेलं सेटिंग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, वर्धा रोडच्या सिग्नलवर तापलेल्या इंजिनात तेच राहील, असं समजायचं कारण नाही. हायड्रॉलिक टॅपेट ही फट स्वतःच भरून काढतो: आत छोटा प्लंजर, खाली एकमार्गी गोळीचा व्हॉल्व्ह, पंपाकडून आलेलं तेल आत अडकतं आणि फट राहतच नाही.

सॉलिडवाल्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता, आणि त्यावर मी बराच वेळ घालवला. आरपीएम फार चढले की स्प्रिंग कमी पडते, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि मध्ये क्षणभर मोकळी जागा पडते. हायड्रॉलिक टॅपेटला ती फट वाटते. तो तेल घेऊन वर येतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, गाडी वरच्या टोकाला एकदम मरते. याला पंप-अप म्हणतात, आणि तो खरा दोष आहे.

पण कोणत्या आरपीएमला? या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९० मिलिमीटर. ५,५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.५ मीटर होतो, ६,५०० ला १९.५. कंपनीची २७.२ बीएचपी ताकद ५,२५० ला मिळते. म्हणजे सॉलिडचा फायदा जिथे सुरू व्हावा, तिथे पोचण्याआधी माझा क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच हात जोडतील. शिवाय समृद्धीवर दुचाकीला बंदी. तासन्‌तास वरच्या आरपीएमवर मी जाणार तरी कुठे?

सदरमधल्या मेकॅनिकभाऊंनी हे गणित ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण भाऊ, कॅम नवे टाकून राह्यले तं टॅपेट बी नवेच टाका. जुना रोलर नव्या कॅमवर चालवाचा नाही." यूसीईचे टॅपेट रोलरचे, म्हणजे कॅमवर फिरणारं चाक लावलेले असतात. रोलरसाठी घासलेला कॅम चपट्या टॅपेटला चालत नाही, उलटंही नाही. म्हणजे कॅम निवडला तेव्हाच अर्धी निवड झाली होती.

मधला एक पर्याय होता, प्लंजरचा प्रवास मर्यादित करणारी रिंग टाकलेले हायड्रॉलिक टॅपेट. हार्लेवाले हे वापरतात. तिकडे हायड्रॉलिक १९४८ च्या पॅनहेडपासून आहेत. आधी ते पुशरॉडच्या वरच्या टोकाला होते, १९५३ मध्ये खाली टॅपेट ब्लॉकमध्ये आणले. आरपीएम वाढवायचे नाहीत तर मर्यादा कशाला, म्हणून मी रिंग घेतली नाही. कंपनीच्याच मापाचे नवे रोलर हायड्रॉलिक आणि अॅडजस्टेबल पुशरॉड, असं ठरलं. पुशरॉड अॅडजस्टेबलच हवेत, कारण नव्या कॅमचं बेस सर्कल (व्हॉल्व्ह बंद असताना टॅपेट टेकतो तो गोल भाग) लहान असलं तर टॅपेट खाली बसतो आणि मूळ लांबीचा रॉड आखूड पडतो.

बसवण्यातला सर्वात मोलाचा धडा मला भाऊंनी दाखवला. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजायला पिस्टनवर मुलांची क्ले लावतात, पण हायड्रॉलिक टॅपेट ठेवून मोजलं तर स्प्रिंगच्या दाबानं प्लंजर खचतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून मोजणीपुरता त्यांनी लेथवर ठोस डमी बनवून घेतला. इनलेटला किमान २, एक्झॉस्टला किमान २.५ मिलिमीटर सुटलं पाहिजे, हा त्यांचा नियम. एक्झॉस्टला काठावर निघालं, तेव्हा पिस्टनची खाच जरा खोल केली. "इथं घाई केली ना, तं व्हॉल्व्ह वाकते अन् मंग सगळंच उघडा लागते," हे त्यांनी खराद चालू असतानाच ऐकवलं.

मग खरे टॅपेट. व्हॉल्व्ह बंद, टॅपेट बेस सर्कलवर, पुशरॉडची फट जेमतेम संपेपर्यंत फिरवायचं आणि तिथून प्लंजर त्याच्या प्रवासाच्या निम्म्यापर्यंत आत घ्यायचा. आट्याचं पिच १ मिलिमीटर असेल तर एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर. टॅपेटमध्ये तेल भरलेलं असलं तर लगेच इंजिन फिरवायचं नाही. तेल गळून प्लंजर बसेपर्यंत थांबायचं, नाहीतर व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आम्ही चहाला गेलो.

आता सकाळी पहिल्या स्टार्टला काही क्षण टकटक येते, तेलाचा दाब आला की थांबते. ऑइल १५डब्ल्यू-५०च, फिल्टरसकट वेळेआधी बदलतो, कारण प्लंजरची फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते आणि कचऱ्याला तेवढी पुरते. रामटेकच्या बाजूला दोघं बसून, सामान घेऊन जातो तेव्हा खालच्या आरपीएमची ओढ सगळ्यात जास्त जाणवते. मंडळी अजून विचारतात, सॉलिड केव्हा टाकतोस? कास्ट आयर्न घेईन तेव्हा, सांगतो.