स्कॅगवेची गाडी आणि जहाजाची निवड

रविवार, रात्री

अलास्काच्या क्रूझचा विषय निघाला की "त्यात ती डोंगरातली ट्रेन आहे ना?" हे हमखास विचारलं जातं. ती ट्रेन म्हणजे स्कॅगवे गावातून सुटणारी व्हाइट पास अँड युकॉन रूट. पुष्कळ लोक ट्रेन आधी पक्की करतात आणि तिच्या मागे जहाज शोधत फिरतात. मला हा उलटा कारभार वाटतो. सात रात्रींच्या फेरीचे तास होतात १६८, आणि व्हाइट पास या खिंडीपर्यंत जाऊन परत येणारी ही सफर जेमतेम पावणेतीन तासांची. शिवाय ती एखाद्याच क्रूझ कंपनीच्या प्रवाशांपुरती नाही. स्कॅगवेला थांबणाऱ्या कुठल्याही जहाजावरून तिचं तिकीट काढता येतं. त्यामुळे कोणाच्या ब्रोशरवर गाडीचा फोटो मोठा आहे, हे पाहून काही ठरत नाही.

गाडीसाठी जहाजाचं पाहायचं ते दोनच. बंदरांच्या यादीत स्कॅगवे आहे का? सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या काही फेऱ्यांत त्याच्या जागी सिटका किंवा आइसी स्ट्रेट पॉइंट असतं. आणि असेल तर जहाज तिथे किती वेळ उभं राहतं? सकाळी सातला लागून रात्री आठला सुटणारं जहाज आणि दुपारीच निघणारं जहाज यांत फार फरक पडतो. छोट्या मुक्कामात गाडी झाली की दिवस संपला. मोठ्यात गाडीही होते आणि गावही पायी पाहून होतं.

गाडी मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे. क्लोंडाइकच्या सोन्यामागे माणसं धावत होती त्या काळात, १८९८ साली काम सुरू झालं आणि १९०० मध्ये रूळ जोडले गेले. रुंदी फक्त तीन फूट, म्हणजे माथेरानच्या रुळांपेक्षा फूटभर जास्त. समुद्रसपाटीपासून २० मैलांत २,८६५ फूट चढ, आणि जिथे सर्वांत तीव्र आहे तिथे ३.९ टक्के, म्हणजे २६ फुटांना एक फूट. बोरघाटात हेच प्रमाण ३७ फुटांना एक आहे. दातेरी रूळ वगैरे काही नाही, चाकांच्या घर्षणावरच सगळं. म्हणून वळणं भरपूर, आणि मजा त्या वळणांतच आहे. मागच्या डब्यांतून पुढची अख्खी गाडी कड्याला चिकटून बोगद्यात शिरताना दिसते. इंजिनाजवळच्या डब्यांतून ते दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो.

जागेवरून भांडणारे बरेच असतात. वर जाताना दरी डावीकडे, म्हणून डावी बाजू चांगली. पण खिंडीत इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, बाकांच्या पाठी पलीकडे ढकलून उलट्या करतात आणि दोन्ही बाजूंचे प्रवासी जागा बदलतात. उतरताना दरी दुसऱ्यांच्या वाट्याला. आणि दोन्ही वेळा डब्याच्या टोकाच्या उघड्या फलाटावर उभं राहता येतं, तीच सर्वांत चांगली जागा. वर खालच्यापेक्षा पाच-सहा अंश तरी थंड असतं आणि वारं कापतं. कानटोपी हवीच.

बिघडतं ते हवेमुळे. बंदरावर ऊन आणि खिंडीत पांढरा ढग, असं सर्रास होतं. गाडी तरीही सुटते, पैसेही परत मिळत नाहीत. मे महिन्यात वर बर्फ असतं. जे एका ढगाच्या हातात आहे, त्यासाठी सगळी सुट्टी बांधून ठेवू नये, हे माझं मुख्य कारण.

सोमवार

मग जहाज कशावरून ठरवावं? माझ्या मते हिमनदीच्या दिवसावरून, म्हणजे जहाज हिमनद्या दाखवायला नेतं त्या दिवसावरून. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत दिवसाला मोठी जहाजं दोनच सोडतात, म्हणून तिथली परवानगी असलेल्या फेऱ्या मोजक्या. तिथे जहाज जवळजवळ दिवसभर खाडीत असतं, आणि पार्क रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. हा दिवस बंदरावर पोचून आयत्या वेळी विकत घेता येत नाही. गाडीचं तिकीट घेता येतं.

दुसरं, निघायचं कुठून. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातं. सिअ‍ॅटलचं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून. बोट लागणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

तिसरं व्हिसा, आणि आपल्या लोकांचं इथेच अडतं. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिअ‍ॅटलची फेरी बहुतेक वेळा संध्याकाळी व्हिक्टोरियाला टेकते. ते कॅनडात आहे. मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांकडे अमेरिकेचा व्हिसा असतो, कॅनडाचा नसतो, आणि हे सुटायच्या बंदरावर, बॅगा हातात असताना कळतं. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एच-वनवर असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना लागतो. गाडीतही हाच प्रश्न आहे. खिंडीतून परतणाऱ्या सफरीत कोणी खाली उतरत नाही, त्यामुळे पासपोर्टही विचारत नाहीत. पण पलीकडे कॅनडातल्या फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणारी, एकीकडून गाडी आणि दुसरीकडून बस अशी सफर घेतलीत तर कॅनडाचा व्हिसा आणि परत शिरायला चालणारा अमेरिकेचा व्हिसा, दोन्ही हवेत.

माझ्या मताला अपवाद एकच. रेल्वे हाच ज्यांचा जीव आहे, त्यांनी स्कॅगवेकडे नव्हे, अलास्का रेलरोडकडे बघावं. सिवर्ड ते अँकरेज ११४ मैल, चार तासांहून थोडं जास्त. अँकरेजहून डेनालीमार्गे फेअरबँक्स ३५६ मैल, सुमारे बारा तास. हे करायचं तर सिअ‍ॅटलची गोल फेरी चालत नाही. व्हँकुव्हर आणि सिवर्ड किंवा व्हिटियर यांच्यामधली एकेरी फेरी लागते, विमानाचं तिकीटही एका शहरात जायचं आणि दुसऱ्यातून परतायचं. इथे गाडीने जहाज ठरवलं तर बरोबरच आहे. आधी जमिनीवरचा प्रवास, मग दक्षिणेकडे येणारं जहाज, हा क्रम मला पटतो. पहाटेची उठाउठी आणि रोजची बांधाबांध आधी उरकते, मग सामान एकदाच केबिनमध्ये लावायचं.

स्कॅगवेचं तिकीट स्वतः काढणाऱ्यांसाठी: जहाजाचं घड्याळ आणि अलास्काची वेळ एकच आहे ना, हे आदल्या रात्री बघा. सिअ‍ॅटलपेक्षा तिथे एक तास मागे. कुठून चढायचं, गोदीवरून की गावातल्या स्टेशनातून, हे तिकिटावर वाचा. जहाजावर परतायच्या शेवटच्या वेळेआधी निदान दीड तास खाली पोचणारी गाडी निवडा. जहाजाकडून घेतलेली सफर उशिरा आली तर जहाज थांबतं, आपल्या तिकिटासाठी थांबत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्टचा डबा वेगळा असतो, तो बुकिंग करतानाच सांगून ठेवा.