दोन जीबीची कॅसेट आणि मध्येच तुटणारी लाइन

मागची नोंद डेकच्या अझिमथपाशी (हेडचा टेपशी असलेला कोन) थांबली होती. तो प्रश्न सुटला. कॅसेटी नीट वाजतायत, संगणकावर उतरतायत, आता अडतंय ते त्याच्या पुढे. गावोगावचे आपले मित्र आपापल्या घरी कॅसेट उतरवून घेतात आणि ती फाइल माझ्या घरच्या सर्व्हरवर यायची असते. सध्या डेकला हात न लावता फक्त या अपलोडच्या मागे लागलोय. ज्यांना टेपमध्येच रस आहे त्यांनी मधला सर्व्हरचा भाग सोडला तरी चालेल, पण आकाराचा हिशोब तेवढा वाचा.

सीडीच्या दर्जाची, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10.6 एमबी होते. आपल्यातले बरेच जण 96 किलोहर्ट्झ, 24 बिटवर उतरवतात. तिथे सेकंदाला 5,76,000 बाइट, म्हणजे तासाला दोन जीबीच्या थोडं वर. सी-60ची, म्हणजे तासाच्या कॅसेटची, दोन्ही अंगं मिळून दोन जीबी, सी-90 तीन जीबीच्या पलीकडे. कॅसेटला 96 हवंच का, हा वाद मी इथे उकरत नाही. आयएएसए या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची आहे, आणि तेवढ्यावर जो भागवेल त्याची फाइल आपोआप निम्मी होईल. माझं मत विचाराल तर गावच्या जत्रेतल्या एका माइकवर घेतलेल्या भारुडाला 48 पुष्कळ झालं.

आणखी एक. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला लांबी नोंदवायला फक्त 32 बिट असतात, त्यामुळे ती 4 जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. 96/24 स्टिरिओच्या मापात हे दोन तास चार मिनिटांवर येतं. तीन अंकी संगीत नाटक सलग एका फाइलमध्ये घ्यायला गेलात तर दुसऱ्या अंकात कुठेतरी ही मर्यादा गाठाल. आरएफ64 हा वेव्हचाच वाढवलेला प्रकार त्यावरचा उपाय आहे, पण तो सगळ्याच सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. अंक संपला की फाइल तोडावी, हे सोपं.

आता ही दोन जीबी पाठवायची कशी? अपलोडचा वेग सेकंदाला 5 मेगाबिट मिळाला तर पंचावन्न मिनिटं लागतात. पंचावन्न मिनिटं लाइन अखंड राहणं ही आपल्याकडे चैन आहे. पावसात वीज जाते, राउटर बंद पडतो. फोनचा हॉटस्पॉट असेल तर मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं जातं. वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलात की आयपी पत्ता बदलतो आणि चालू जोडणी तिथेच मरते. साधा अपलोड फॉर्म यातलं काहीही सोसत नाही. तो जो मजकूर पाठवतो त्याची पद्धत 1995 च्या आरएफसी 1867 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजातून आली, आणि तिच्यात अर्धवट आलेल्या फाइलला काही अर्थच नाही. 97 टक्क्यांवर लाइन गेली, तर पुन्हा शून्यापासून.

या विषयावर कुणालाही विचारा, पहिला सल्ला मर्यादा वाढवण्याचा मिळतो. ते करावं लागतंच. पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर फॉर्म हाताळणाऱ्या भाषेत, एका फाइलची मूळ मर्यादा 2 एमबी आणि पूर्ण पोस्टची 8 एमबी असते. एनजिन्क्स या वेब सर्व्हरची तर 1 एमबी, आणि ती ओलांडली की 413 क्रमांकाची त्रुटी तोंडावर येते. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ या सेटिंगला शून्य दिलं की एनजिन्क्स आकार तपासणंच सोडून देतो. पण मर्यादा वाढवून दार मोठं होतं, लाइन टिकत नाही. वर नवीन दुखणी सुरू होतात. पीएचपी येणारी फाइल आधी टेम्प फोल्डरमध्ये साठवते, आणि डेबियन या लिनक्सच्या 13व्या आवृत्तीपासून हे फोल्डर मुळात रॅममध्येच असतं, रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढणारं. आठ जीबीच्या मिनी पीसीवर दोघांनी एकदम सी-90 पाठवायला घेतली की खेळ खलास.

आमचे कोल्हापूरकडचे एक काका आहेत, त्यांच्याकडे कीर्तनांच्या पेट्याच्या पेट्या आहेत. त्यांचा एकदा फोन आला. "अहो, शंभर टक्के झालं म्हणतंय आणि तरी गोल फिरतंय. बंद करू का?" मी म्हटलं, "नका काका, राहू द्या तसंच." ब्राउझरची पट्टी त्याने किती बाइट पुढे ढकलले तेवढंच सांगते. त्यानंतर एनजिन्क्स आपल्या डिस्कवर साठवलेला सगळा मजकूर मागच्या प्रोग्रॅमला देतो, तो टेम्पमध्ये लिहितो, मग टेम्पमधून दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत होते. एकच फाइल तीनदा लिहिली जाते आणि काकांना मात्र एक गोल फिरताना दिसतो.

म्हणून हा फॉर्म पूर्ण काढून टाकला आणि टस लावलं. टस हा एचटीटीपीवर चालणारा खुला नियमसंच आहे, त्याची 1.0 आवृत्ती 2016 ची. कल्पना इतकी साधी आहे की ती फॉर्ममध्येच का नव्हती असं वाटतं. ब्राउझर आधी एक रिकामी पोस्ट विनंती पाठवतो: इतक्या बाइटची फाइल येणार आहे. सर्व्हर त्या फाइलसाठी एक पत्ता काढून देतो. मग पॅच विनंतीने त्या पत्त्यावर बाइट यायला लागतात. लाइन तुटली की ब्राउझर परत येऊन त्याच पत्त्यावर हेड विनंती करतो, सर्व्हर अपलोड-ऑफसेट नावाच्या हेडरमध्ये आपल्याकडे किती बाइट पोचले ते सांगतो, आणि तिथून पुढे काम सुरू. पोथीत मोरपीस ठेवून उठावं, तसं. फक्त ते पीस सर्व्हरच्या हातात असतं, आणि सगळी खुबी त्यातच आहे. पाठवणाऱ्याला काय वाटतं ते धरायचं नाही, घेणाऱ्याकडे डिस्कवर काय पडलंय ते धरायचं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर सर्व्हर 409 क्रमांकाची त्रुटी देऊन सरळ नकार देतो, चुकीच्या जागी एक बाइटही लिहीत नाही.

सर्व्हरवर टसडी बसवलाय. गो भाषेतला एकच प्रोग्रॅम, डेटाबेस लागत नाही. प्रत्येक अपलोडसाठी एक फाइल आणि तिच्या शेजारी माहितीची एक छोटी फाइल, बस. ब्राउझरच्या बाजूला टसचीच जावास्क्रिप्ट लायब्ररी. एनजिन्क्स पुढे ठेवायचा असेल तर प्रॉक्सी-रिक्वेस्ट-बफरिंग हे सेटिंग बंद करायला हवं. मुळात ते चालू असतं, म्हणजे एनजिन्क्स पूर्ण विनंती गोळा होईपर्यंत ती पुढे देतच नाही. मग लाइन तुटली की टसडीकडे शून्य बाइट पोचलेले असतात आणि सगळा खटाटोप वाया. मूळ विनंती एचटीटीपीएसवरून आली होती हेही हेडरमधून टसडीला कळवायला लागतं, नाहीतर तो परत देताना साध्या एचटीटीपीचा पत्ता देतो आणि ब्राउझर तो अडवतो.

तुकडे किती मोठे ठेवायचे, यावर आपल्यात बरीच चर्चा होते. माझं उत्तर: ठेवूच नका. लायब्ररीत तुकड्याच्या आकाराला मूळची मर्यादा नाही, आणि बफरिंग बंद असेल तर आलेला बाइट लगेच डिस्कवर जातो, त्यामुळे तुकडे करून काही हाती लागत नाही, विनंत्या तेवढ्या वाढतात. अपवाद एकच: ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये एखादी सेवा असेल तर. क्लाउडफ्लेअरच्या फुकट योजनेत एका विनंतीचा मजकूर 100 एमबीपर्यंतच चालतो, तिथे तुकडे करावेच लागतील. ॲमेझॉनच्या एस3 या साठवणीच्या सेवेत थेट पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान 5 एमबीचा आणि एकूण तुकडे 10,000 च्या आत. शिवाय अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचं भाडं चालू राहतं, ते आपोआप पुसण्याचा नियम आठवणीने लावावा लागतो.

मी क्लाउडफ्लेअर ठेवला नाही, पण घरच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून पोचायची अडचण होतीच. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्यात सुरू होताना दिसला, तर समजावं की इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि पोर्ट उघडून उपयोग नाही. म्हणून सगळ्यात स्वस्तातला एक व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घेतला आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढला. व्हीपीएसची डिस्क लहान आहे, पण तिथल्या एनजिन्क्सचंही बफरिंग बंद असल्यामुळे फाइल तिथे साठतच नाही, नुसती वाहत जाते.

परत जोडण्याचे प्रयत्न मुळात 0, 1, 3 आणि 5 सेकंदांनी होतात. शहरातल्या वाय-फायला ठीक. वीज जाऊन राउटर पुन्हा उठायलाच दोनतीन मिनिटं लागतात, तेव्हा यादी मिनिटा-मिनिटाच्या अंतराने लांबवली. थोडे जरी बाइट पुढे सरकले तरी लायब्ररी प्रयत्नांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरते, हे फार बरं केलंय.

टॅबच बंद झाला तर? इथे एक गोष्ट पाठवणाऱ्यांना समजावून सांगावी लागते. सुरक्षेच्या कारणामुळे ब्राउझर आपणहून ती फाइल परत उघडू शकत नाही, माणसाने ती पुन्हा निवडायला हवी. लायब्ररी फाइलचं नाव, प्रकार, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांवरून ओळख तयार करून ब्राउझरमध्ये ठेवते. तीच फाइल पुन्हा निवडली की जुना पत्ता सापडतो आणि काम राहिलं तिथून पुढे जातं. मधल्या काळात फाइल ऑडॅसिटीत उघडून नुसती पुन्हा सेव्ह केली तरी वेळ बदलते आणि ती नवी फाइल ठरते. ठरायलाच हवी, आतले बाइट बदललेले असू शकतात. पानावर आता ठळक अक्षरांत लिहिलंय: "मध्येच बंद पडलं तर घाबरू नका, तीच फाइल परत निवडा. पूर्ण होईपर्यंत फाइलला हात लावू नका."

फाइल पोचली, पण ती धड पोचली का? ब्राउझरमध्ये एसएचए-256, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून निघणारा ठसा (हॅश), काढून ताडून पाहावं हा पहिला विचार. ब्राउझरची स्वतःची सोय मात्र पूर्ण फाइल एकदम मेमरीत मागते, दोन जीबीला फोन मान टाकतो. तुकड्यातुकड्याने हॅश काढणारी वेबअसेंब्ली लायब्ररी लावली, ती चालते. पण त्यातून जे सुचलं ते जास्त कामाचं: सगळ्यांनी फ्लॅक पाठवावं. फ्लॅकमध्ये एक कणही न गमावता फाइल बरीच लहान होते, आणि मूळ आवाजाचा एमडी5 (तसाच एक ठसा) फाइलच्या आतच लिहिलेला असतो. सर्व्हरवर फ्लॅकची चाचणी चालवली की पाठवणाऱ्याच्या संगणकावर जो आवाज होता तोच आलाय का हे कळतं. डिसेंबर 2024 मध्ये फ्लॅकला आरएफसी 9639 चा दर्जाही मिळाला, तेव्हा उद्या ही फाइल कोण वाचणार ही काळजीही कमी. वेव्ह पाठवणाऱ्यांना नाही म्हणत नाही, पण पानावर फ्लॅक वर आणि वेव्ह खाली.

फाइल पूर्ण आली की लगेच संग्रहात जात नाही, आधी वेगळ्या रांगेत जाते. तिथे सुरुवातीचे बाइट पाहून ती खरंच वेव्ह किंवा फ्लॅक आहे का, लांबी किती, चाचणी पास का, हे पाहिलं जातं. टसची आवक आणि अंतिम संग्रह मुद्दाम एकाच डिस्कवर ठेवलेत. एका फाइल सिस्टिममध्ये फाइल हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं, क्षणात होतं. डिस्क बदलली की तेच काम दोन जीबीची प्रत करण्याचं होतं, आणि काकांचा गोल परत फिरायला लागतो. आकार सुरुवातीलाच कळत असल्यामुळे डिस्कवर जागा नसेल तर पहिला बाइट यायच्या आतच नकार देता येतो. जे अपलोड दोन आठवडे कुणी पुढे नेत नाही ते क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम, पुसून टाकतो.

देवनागरी नावांची गंमत वेगळीच. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. एकटा "श्री" 12 बाइटचा. आपले लोक तर फाइलच्या नावातच कीर्तनकार, गाव, तिथी, अभंगाची पहिली ओळ आणि पेटीवर कोण होतं ते सगळं लिहितात. लिहू देत, पुढे तीच माहिती सोन्याच्या मोलाची आहे. डिस्कवर फाइलला नुसता ओळख-क्रमांक आणि पूर्ण नाव संग्रहाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, अशी व्यवस्था केली. स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांसाठी सूचना: टसमध्ये नाव बेस64 (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून हेडरमधून जातं आणि ब्राउझरचं जुनं बेस64 फंक्शन देवनागरी दिसताच त्रुटी देतं. आधी यूटीएफ-8 बाइट काढून घ्या. टसची लायब्ररी हे आपणहून करते.

राहिलेलं काम बरंच आहे. अपलोड चालू असताना घरातले व्हिडिओ कॉल अडखळतात अशी तक्रार दोनतीन घरांतून आली. वर जाणारी लाइन पूर्ण भरली की बाकीचं सगळं त्या रांगेत अडकतं. पाठवणाऱ्यासाठी "हळू पाठवा" असं बटण द्यायचं मनात आहे. छोटे तुकडे आणि मध्ये थोडी विश्रांती, असा बेत आहे. म्हणजे वर जे तुकडे नकोत म्हटलं ते याच्यासाठी परत आणावे लागणार. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या एचटीटीपी गटानेही तुटून परत जोडणाऱ्या अपलोडचा मसुदा हाती घेतला, त्यात सर्व्हरच्या उत्तराचा 104 हा नवा क्रमांक आहे, आणि ॲपलने आयओएस 17 पासून त्या धर्तीची सोय दिली. आयफोनवाल्या मंडळींसाठी त्याकडे नंतर बघेन.

तोवर ज्यांना चाचणी करायची आहे त्यांनी दुवा मागून घ्या. एक कॅसेट पाठवायला लावा, अर्ध्यावर आली की राउटर बंद करा, चहा करून या आणि परत चालू करा. पट्टी शून्यावर गेली तर ब्राउझर कुठला होता ते कळवा.