आईने उभ्याने काढलेला केर

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडलं तर सगळीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाच्याही आधी तिने विचारलं, "अगं, केरसुणी कुठाय?" शहाबादी फरशीवर पन्नास वर्षं रोज दोनदा केर काढलेली बाई ती. कार्पेटवर केरसुणी चालत नाही म्हटल्यावर खाली बसली आणि लेकीने सांडलेल्या चिवड्यातले पोहे हाताने एकेक वेचायला लागली. उठताना सोफ्याला धरून उठली. गुडघे दुखतात तिचे. त्याच दिवशी मी ठरवलं की शनिवारी व्हॅक्यूम क्लीनर आणायचा.

जुना एक होता घरात. गाव सोडून चाललेल्या एका कुटुंबाकडून २० डॉलरला घेतलेला. महिन्यापूर्वी त्यातून रबर जळाल्याचा वास आला आणि खालचा ब्रश फिरायचा थांबला. उलटा करून बघितलं तर माझे आणि लेकीचे लांब केस ब्रशभोवती दोरीसारखे आवळून बसलेले. ब्रश अडला, मोटर मात्र फिरत राहिली, आणि मधला रबरी पट्टा घासून घासून तुटला. मॉडेल इतकं जुनं की तो पट्टा कुठेच मिळेना. पाच-सहा डॉलरच्या पट्ट्यापायी धडधाकट मोटर टाकून द्यावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून या वेळी किंमत बघायच्या आधी मी पट्टा, फिल्टर आणि पिशव्या सहज मिळतात का ते शोधत होते.

आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक चाकांवरचा डबा आणि हातात नळी असा प्रकार दिसतो. फरशीला तो उत्तम. पण कार्पेटमधली धूळ वर नसते, धाग्यांच्या मुळाशी बसते, आणि नुसत्या ओढीने ती हलत नाही. तिला खालून झटकावं लागतं. उभ्या व्हॅक्यूममध्ये मोटर हवाही ओढते आणि ब्रशही फिरवते. शिवाय सगळं वजन चाकांवर असतं, आपण फक्त ढकलायचं. बिनवायरच्या काठीसारखे व्हॅक्यूम दिसायला सुरेख असतात, पण माझ्या पैशांत जे बसत होते त्यांची बॅटरी आमचं घर पुरं होईपर्यंत टिकली नसती.

दुकानातल्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत '१२ अँप' लिहिलेलं असतं. हा आकडा बघून व्हॅक्यूम निवडू नका. मोटर किती वीज खाते एवढंच तो सांगतो, धूळ किती ओढते ते नाही. इथल्या घरातला साधा सॉकेट १५ अँपचा असतो, म्हणून कंपन्या बाराच्या आसपास थांबतात. त्यामुळे शेजारशेजारच्या चार खोक्यांवर तोच आकडा.

माझा सगळा वेळ गेला तो फिल्टरवर, कारण लेकीला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. खरा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, ०.३ मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल तर तसं काही वचन त्यात नसतं. आणि फिल्टर खरा असला तरी मशीनच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. स्वस्त मशीनमध्ये ही अडचण राहतेच. त्यात पारदर्शक डब्याचे व्हॅक्यूम रिकामे करताना कचऱ्याच्या बादलीवर धुळीचा ढग उठतो. मैत्रिणी म्हणाल्या, पिशवीचा खर्च कशाला करतेस? मी तरी पिशवीवालाच घेतला. पिशवी भरली की तशीच काढून टाकायची, धूळ आतल्या आत. महिना-दीड महिन्याला एक पिशवी लागते, अडीच डॉलरची. लेकीच्या रात्रीच्या शिंकांपुढे ते काहीच नाही.

हे सगळं शोधताना जेम्स स्पँगलरची गोष्ट वाचली आणि मन भरून आलं. ओहायोतल्या कँटनमध्ये तो एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता, कार्पेट झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव घाबरा व्हायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने आपल्यापुरतं यंत्र बनवलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं, मग हक्क हूवर घराण्याकडे गेले, ज्यांची व्हॅक्यूमची कंपनी पुढे प्रसिद्ध झाली. आज आपण ढकलतो तो उभा व्हॅक्यूम तिथूनच आला.

शनिवारी आईला बरोबर नेलं. तीच दिवसभर घरी असणार, तर दांडा तिच्या हाताला बसायला हवा. तिने चार मशीन उचलून बघितली. एक सात किलोच्या वर होतं, ते लगेच बाजूला ठेवलं. एकाचा खटका पायाने दाबायला फार कडक. शेवटी जे तिला आवडलं ते ११९ डॉलरचं होतं, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स धरून १२७ च्या आत. वायर २५ फूट, म्हणजे हॉल आणि बेडरूम एकाच सॉकेटवरून होतात. दोन जादा पट्टे तिथेच घेतले.

घरी आल्यावर पहिल्यांदा ते कार्पेटला चिकटून बसल्यासारखं जड जायला लागलं. ब्रशची उंची एक खाच वर केली आणि हलकं झालं. सावकाश ढकलायचं, तितक्याच सावकाश मागे ओढायचं. खिडकीपासून दारापर्यंत आई एकदाही वाकली नाही. बंद करून म्हणाली, "उभ्याने केर काढायचा म्हणजे सुखच की गं!"

खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून सकाळी दहाच्या आत ती ते लावत नसे. ब्रशवरचे केस दर रविवारी कात्रीने कापायची. परत जायच्या आठवड्यात तिने मशीन वर्तमानपत्रावर आडवं केलं, स्क्रू काढले आणि पट्टा स्वतः बदलला. मला हात लावू दिला नाही. मिरजेत वीस वर्षं ब्लाउज शिवलेत तिने, शिलाई मशीनचा पट्टा चढवलेले हात ते. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर 'पट्टा बदलला' असं लिहून, खाली तारीख घालून दांड्याच्या मागे लावली. दुसरा पट्टा चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, तोही तिनेच.