पूर्वसूरींचं पोतं

गाडी आली ती दोन खेपांत. पहिल्या खेपेला जे चाकांवर उभं राहू शकत होतं ते आलं: सांगाडा, इंजिन, टाकी, हँडल. दुसऱ्या खेपेला आलं एक पोतं. "काही नाही हो, थोडंसंच काम आहे," विकणारा म्हणाला, "सगळं यातच आहे." जुन्या गाडीच्या व्यवहारात 'थोडंसं' हा शब्द किती ताणला जातो याची मला कल्पना होती. 'सगळं' हा शब्दही तितकाच ताणतो, हे कळायला पाच महिने लागले.

तोवर मोटारसायकलबद्दलचं माझं ज्ञान एवढंच होतं की किक मारली की ती सुरू होते, आणि नाही झाली तर ती दुसऱ्या कुणाला तरी मारायला सांगायची असते.

पोतं जुन्या चादरीवर ओतलं. उजवं साइड कव्हर निघालं, डावं नाही. क्लचची केबल निघाली, पण टोकाची मुंडी तुटलेली. कार्ब्युरेटर, कसल्या तरी तीन स्प्रिंगा, आणि नट-बोल्टांचा एक काळाकुट्ट ढीग. एअर फिल्टरचा डबा नव्हताच. गाडी विकणाऱ्याने खोललेली नव्हती. त्यानेही ती अशीच कुणाकडून उचलली होती. खोलणारा कुणी तिसराच. कधीतरी उत्साहाने बसला असेल, अर्ध्यात उठला असेल. त्याचं नावगाव कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी त्याला 'पूर्वसूरी' म्हणू लागलो. तेही आदरार्थी बहुवचनात, म्हणजे राग आला की एकवचनावर यायला जागा राहते.

ती जागा पहिल्याच आठवड्यात लागली. मॅग्नेटचं कव्हर तीन चौफुली स्क्रूंवर होतं आणि तिन्हींच्या डोक्यांचा पार भुगा झालेला. फुलीच्या जागी गुळगुळीत खळगे. काय माणूस आहे हा, साधा स्क्रू काढता येत नाही! असं पुटपुटत मी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या स्क्रूला हात घातला, जोर लावला, पेचकस कर्रकन वर सरकला आणि माझाही एक खळगा तयार झाला. जपानी गाड्यांवरचा चौफुली स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखा असला तरी त्याची घडण वेगळी असते, हे मला नंतर कळलं. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही. घट्ट स्क्रूवर जोर दिला की ते वर चढतं आणि फुली खरवडून काढतं. जपानी मापाचा पेचकस वेगळा मिळतो. तो आणला, वरून हातोडीचा एक ठोका दिला आणि पुढचा स्क्रू मुकाट्याने सुटला. पूर्वसूरी पुन्हा बहुवचनात गेले.

इंजिनबद्दल एका जाणत्या मित्राला फोन केला. त्याने आधी दमच दिला. "किक मारलीस का? नाही ना? मारूच नकोस. प्लग काढ, आत चमचाभर ऑइल सोड आणि उद्यापर्यंत तिला विसर." वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरून गेलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरून बसलेल्या असू शकतात. तशात जोराने किक मारली की ओरखडे पडतात. दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. आधी काहीच नाही. मग बोटभर. मग आतून कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज आला आणि चाक अख्खं फिरलं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून हळूच किक मारली, तर अंगठा फट्‌कन उडाला. दाब होता! त्या दिवशी मी जरा जास्तच लोकांना अंगठा दाखवला.

मग ठिणगी. प्लग टोपीत खोचायचा, त्याचं अंग सिलिंडर हेडच्या धातूला टेकवून ठेवायचं, दिवा मालवायचा आणि किक मारायची. पेट्रोल आसपास नको, आणि प्लगच्या भोकाजवळही नको. मी अंधारात वीसेक किका मारल्या. अंधार तसाच राहिला.

माझी गाडी बॅटरीवाचून चालणाऱ्या जुन्या पद्धतीची निघाली. फिरता मॅग्नेट, आत कॉइल आणि पॉइंट. पॉइंट म्हणजे दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्या, कॅमच्या उंचवट्याने उघडणाऱ्या आणि स्प्रिंगने मिटणाऱ्या. त्या एकमेकींना टेकल्या की ठिणगी पडत असणार, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात उलटं आहे. टेकलेल्या असतात तेव्हा कॉइलमधून गुपचूप वीज वाहत असते. त्या विलग होतात, प्रवाह तुटतो, कॉइलभोवतीचं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि त्या कोसळण्यातून कित्येक हजार व्होल्ट उठून प्लगकडे धावतात. ठिणगी पडते ती संबंध तुटताना. यावर विनोद करायचा मोह मी आजवर आवरलेला आहे.

टिकल्यांवर करडी साय धरली होती. बारीक पॉलिश पेपरची घडी त्यांच्यामध्ये घालून चार वेळा मागेपुढे केली, मग स्वच्छ कागदाने पुसलं. आता फट मोजायची. पुस्तिकेत 0.35 मिलिमीटर होती. गेजची पत्ती आत घातली आणि थबकलो. ती अचूक बसली. ना सैल, ना अडत. शिवाय मॅग्नेटच्या कडेला आणि इंजिनच्या अंगावर समोरासमोर पांढऱ्या रंगाच्या दोन नाजूक रेघा होत्या, ठिणगीची वेळ जुळवायच्या खुणेवर, काडीच्या टोकाने ओढल्यासारख्या. स्क्रूंचा भुगा करणारा हात आणि हा हात एकाच माणसाचा? तेव्हापासून माझा त्यांच्याबद्दलचा पवित्रा जरा बदलला. माहीत नव्हतं तिथे त्यांनी धसमुसळेपणा केला होता, माहीत झालं तिथे जीव ओतला होता.

त्या रात्री दहाव्या किकेला अंधारात निळा टिपका चमकला. इतका छोटा, की आधी वाटलं डोळ्याचा भास.

दाब आहे, ठिणगी आहे, म्हणजे उरलं पेट्रोल. पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर न लावताच इनटेकच्या, म्हणजे ते मिश्रण इंजिनात शिरतं त्या वाटेच्या, तोंडात अगदी थोडं, चमचाभरही नाही, पेट्रोल सोडलं आणि किक मारली. धड्‌ड्‌ड्‌. तीन सेकंद. तेवढ्यात तिने जमेल तेवढा धूर ओकून घेतला. मी किकेवर एक पाय, जमिनीवर एक पाय असा उभाच राहिलो. गाडी बंद पडली होती आणि माझ्या कानात अजून चालू होती.

आता कार्ब्युरेटर बसवला की झालं, असं वाटलं. बसवला, कॉक उघडला, आणि पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जे वाहायला लागलं ते थांबेचना. 1885 मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी पेट्रोल इंजिनची ती लाकडी दुचाकी बनवली, तिच्यात ठिणगीच नव्हती. ज्योतीवर लाल तापलेल्या नळीने आत पेट घडवायचा आणि ती नळी बरोबर सीटखाली, त्यामुळे सीट पेटल्याची गोष्ट सांगतात. पायाशी वाढत चाललेलं थारोळं बघताना ती मला एकदम आठवली. मी कॉक बंद केला आणि बादलीभर वाळू आणून ठेवली. ती बादली अजून तिथेच आहे.

कार्ब्युरेटरच्या तळाशी वाटीसारखं भांडं असतं. त्यातला फ्लोट पेट्रोलबरोबर वर चढतो आणि एका सुईला ढकलून वरचं भोक बंद करतो. घरची पाण्याची टाकी भरली की नळ बंद करणाऱ्या बोंड्याचंच हे धाकटं भावंड. माझ्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट होता, सुई नव्हती. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चीज. मग एक जुनं कोडंही सुटलं. गाडी आली तेव्हा पेट्रोलच्या पाइपच्या तोंडात एक बोल्ट खुपसलेला होता आणि तो कशाला, हे मला कळलं नव्हतं. पूर्वसूरी इथवर पोचले होते. फट जुळवून, रेघा ओढून, ठिणगी मिळवून ते या थारोळ्यापाशी आले होते आणि बोल्ट खुपसून उठून गेले होते.

वाटीच्या तळाशी जुनं पेट्रोल वाळून मधाच्या रंगाचा थर बसला होता, नखाने न निघणारा. वाटी रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवली. सकाळी थर मऊ झाला होता आणि त्यातून एक टोक वर आलं होतं. सुई. हरवू नये म्हणून त्यांनी ती वाटीतच ठेवली असणार, आणि उरलेल्या पेट्रोलने तिच्यावर हळूहळू झाकण घातलं असणार. मी चिमट्याने ती उचलून उजेडात धरली. टोकाचं रबर फुगून गेलेलं. कामाची राहिली नव्हती. नवी आणावी लागली. जुनी काडेपेटीत ठेवली, का ते विचारू नका.

जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोट्यांची, भोकं तांब्याच्या तारेच्या एका केसाने मोकळी केली. स्टीलची तार घातली की पितळ खरवडतं आणि भोक मोठं होतं, हे एवढं मात्र मी आधी वाचलं होतं. त्यानंतर गाडी सुरू झाली. सुरू झाली आणि किंचाळायला लागली. ॲक्सिलरेटर सोडला तरी फेरे उतरेनात. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9000 लिटर हवा लागते. ती सगळी गाळून देणारा डबा पोत्यात नव्हता, आणि कार्ब्युरेटर-इंजिनमधल्या रबराला चीर होती, तिथून हवा फुकट आत येत होती. रबर बदललं, डबा मिळवला. यात दीड महिना गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता गाडी चालते. फक्त क्लचच्या बाजूने ऑइलचा थेंब पडतो, आणि त्याचा दोष पूर्णपणे माझा. किक सटकत होती म्हणून ते कव्हर मी खोललं. दहा बोल्ट, तीन वेगवेगळ्या लांबीचे. मी दहाही एका डब्यात टाकले. बसवताना आखूड जागी लांब बोल्ट गेला. तो तळाला टेकला, हाताला घट्ट लागला, कव्हर मात्र दाबलं गेलंच नाही. मी आणखी आवळला आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी टोचून ठेवायचा असतो, हे मित्राने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आटे नवे पाडून घेईन कधीतरी. तोवर खाली पुठ्ठा ठेवतो. सीटखालच्या हत्यारांच्या डब्यात एक चिठ्ठी गुंडाळून ठेवली आहे: "क्लच कव्हर, खालून दुसरा बोल्ट आखूड आहे. लांब लावू नका. चौफुली स्क्रूला जपानी पेचकस लागतो." चिठ्ठी काडेपेटीत मावत होती, म्हणून त्या सुईबरोबरच ठेवली.