बाबांचं हुकलेलं नाटक

क्लीव्हलँडमध्ये दुपारचे तीन वाजले, म्हणजे आपल्या इकडे रात्रीचा दीड. बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते अजून भारतातल्या वेळेवरच आहे, बदलू देत नाहीत. म्हणाले, “आता आपल्या गावात दुसरा अंक चालू असन.”

त्या रात्री आमच्या गावात पटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने लागणारं, नाटक होतं. आणि बाबा माझ्याजवळ, ओहायो राज्यातल्या एका बास्केटबॉलच्या अरीनात, अगदी वरच्या माळ्यावरच्या खुर्चीत बसले होते. अंगात माझा जुना जाड कोट, कानावर गावाहून आणलेली कानटोपी, मांडीवर दोन्ही हात. खाली रंगमंचावर निळा उजेड होता आणि ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा या रॉक बँडचा खेळ सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती.

जे झाडीपट्टीतले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आमच्या भागात धान घरात आलं की नाटकं लागतात. भाऊबिजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि पार होळीपर्यंत हा मोसम चालतो. वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गाव. तिथून ट्रक निघतात, आज या गावात, उद्या त्या गावात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि कोंबडं आरवेपर्यंत कोणी उठत नाही. गाणी नट स्वतः गातात, बाजूला ऑर्गन आणि तबला. लेकी माहेरी येतात, जावई येतात, ज्यांच्या घरी पाहुणा नाही असं घर त्या रात्री सापडत नाही. आमच्याच गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी ती बातमी कापून देव्हाऱ्याच्या शेजारी लावली होती. स्वतः बाबा तीस वर्षं गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत आले.

यंदा ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. धान चुरून झालं, पोती भरून झाली, मग विमानात बसले. आल्यापासून एकदाही तक्रार केली नाही. पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला तसे गप्प होत गेले. खिडकीशी बसून बर्फ बघायचे. एकदा हळूच म्हणाले, “मोप वर्षांनंतर पटाचं नाटक हुकलं बाई.” मला ते लागलं. त्याच संध्याकाळी मी तिकिटं काढली.

इथेही आता मोसमच आहे. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग झालं की नवीन वर्षापर्यंत घराघरावर दिव्यांच्या माळा, दुकानांत सनईसारखी एकच एक गाणी, आणि लांब राहणारी पोरं आईबापाकडे परत. हा बँड याच दिवसांत गावोगाव फिरतो. नोव्हेंबरच्या मध्यात निघतो आणि डिसेंबर संपता संपता थांबतो. पॉल ओ'नील नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने 1996 मध्ये तो उभा केला, त्याआधीच्या सॅव्हाटाज या हेवी मेटल बँडमधल्या लोकांना घेऊन. 1999 पासून दौरे सुरू झाले आणि मागणी इतकी वाढली की एका चमूने भागेना. मग दोन चमू केले, एक पूर्वेकडच्या शहरांसाठी, एक पश्चिमेकडच्या. बऱ्याच ठिकाणी दिवसाला दोन खेळ, दुपारी एक, रात्री एक.

हे गाडीत सांगितलं तेव्हा बाबा एकदम सरळ होऊन बसले. “म्हणजे एकाच नावाच्या दोन पार्ट्या? आणि एका दिवशी दोन परयोग? गळे कसे टिकत असन त्यांचे?” त्यानंतरचे प्रश्न सगळे कामाचे होते. सामान किती ट्रकांत येतं, रात्री उतरवतात की सकाळी, वाजवणाऱ्यांना जेवायला कोण घालतं. मला सगळ्यांची उत्तरं देता आली नाहीत. एक मात्र सांगता आलं, की मागे बसणारे व्हायोलिनवाले बरेचदा त्या त्या शहरातलेच घेतात. यावर बाबांनी मान डोलावली. पार्टी बाहेरची असली तरी गावचा एखादा तबलजी बसवून घेतात, ते त्यांना ठाऊक होतं.

दारातल्या तपासणीत त्यांचा अडकित्ता अडेल म्हणून तो गाडीतच ठेवायला लावला. आत गेलो आणि बाबा माणसं बघत उभे राहिले. बास्केटबॉलला इथे 19,000 च्या वर लोक मावतात. समोर एक आजी, लाल स्वेटर, काठी टेकत. तिच्या मागे पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला, काळा टीशर्ट घातलेला दांडगा माणूस, दोन्ही हातांवर चित्रं गोंदलेली, आणि त्याच्या खांद्यावर चार वर्षांची पोर, कानाला आवाज अडवणारे मोठे ठोकळे लावलेले. रॉक म्हटल्यावर मला वाटायचं, तरण्या पोरांची गर्दी असणार. इथे तर आज्या, नातवंडं, सुना, सगळं खटलं. बाबा म्हणाले, “आपल्यासारखंच हाय. घरदार घेऊन आले.”

सुरुवातीलाच एक गोष्ट झाली, ती मला फार भावली. गाणं सुरू व्हायच्या आधी रंगमंचावर शहरातल्या एका सेवाभावी संस्थेला मदतीचा चेक दिला. प्रत्येक तिकिटामागे किमान एक डॉलर असा त्या त्या गावात द्यायचा, हा यांचा नेम आहे, इतकी वर्षं चालत आलेला. आमच्याकडेही नाटकाच्या पैशातून देवळाचं छत झालंय, शाळेची भिंत झालीय. बाबांनी टाळी वाजवली, आणि मग आजूबाजूच्यांनी वाजवली त्यापेक्षा जरा जास्तच वेळ वाजवत राहिले.

मग दिवे गेले.

पहिला आवाज आला तेव्हा बाबांनी माझा हात धरला. आवाज कानात येतच नाही, छातीत येतो. मी कापसाचे बोळे आणले होते, ते दिले, त्यांनी एक घातला आणि एक परत केला. दुसऱ्या कानाने त्यांना ऐकायचं होतं. खाली गिटारवाले एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत वाजवत होते, केस उडत होते, मागून आगीचे लोळ उठायचे आणि एवढ्या उंचावर बसलेल्या आमच्या तोंडाला त्याची धग लागायची. हिरव्या-लाल लेझरच्या रेघा छतापर्यंत. काळ्या कोटातला एक निवेदक मधेमधे येऊन कथा सांगत होता. मी बाबांच्या उघड्या कानाशी तोंड नेऊन मराठीत सांगत गेले. ख्रिसमसच्या आदल्या रात्री एक मुलगी घर सोडून पळून आलीय. थंडी आहे. ती एका बंद पडलेल्या जुन्या नाट्यगृहात शिरते. तिथला राखणदार म्हातारा तिला बघतो. आणि मग त्या रिकाम्या नाट्यगृहात पूर्वी गाऊन गेलेली माणसं एकेक करून परत गायला लागतात.

“बंद पडलेलं थेटर?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“मग सूत्रधार तो म्हातारा.”

यापुढे मला फार सांगावं लागलं नाही. कुठे दुःखाचं गाणं आहे, कुठे समजूत घालणारं, कुठे देवाला विनवणी, ते बाबांना भाषेशिवाय कळत होतं. एक गायिका संथ स्वरात गात होती. बाबा म्हणाले, “पोरीची माय आठवण काढून रायली.” ते गाणं नेमकं कोणाच्या तोंडचं होतं, मी तपासलं नाही. मुलीला शेवटी घराची वाट सापडते. तेव्हा मी भाषांतर थांबवलं, कारण माझा गळा भरून आला होता. सात वर्षांत मी दोनदाच गावी गेले आहे. बाबा समोरच बघत होते, पण त्यांचा हात माझ्या कोटाच्या बाहीवर आला आणि तिथेच राहिला.

आणि मग ते वाजलं, ज्यासाठी अर्धं अरीना आलं होतं. आधी सगळं शांत. एकटं चेलो, मोठ्या व्हायोलिनसारखं, पायाशी टेकवून बसून वाजवायचं वाद्य. त्यावर एक जुनी नाताळची चाल, अगदी सावकाश. मग गिटार चढले, ड्रम चढले, आणि चार सुरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, दर वेळी मोठा, दर वेळी अंगावर येणारा. मी बाबांकडे पाहिलं. उजव्या हाताची चार बोटं गुडघ्यावर चालली होती. करंगळीपासून सुरुवात, तर्जनीवर शेवट. डावा तळवा खालून धुमाकूळ घालत होता. तीस वर्षांची ढोलकी त्या जाड कोटाच्या आत जागी झाली होती. शेजारचा टीशर्टवाला दांडगा माणूसही ते बघत होता. त्याने बाबांकडे बघून अंगठा वर केला, बाबांनी दुसरा हात वर करून “वा!” म्हटलं, आणि तो “वा” त्याला बरोबर कळला.

हा तुकडा सारायेव्होवर आहे. 1992 मध्ये बोस्नियातल्या या शहराला वेढा पडला, तो 1996 पर्यंत, जवळजवळ चार वर्षं. 27 मे 1992 ला भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळा पडला आणि 22 माणसं गेली. व्हेद्रान स्माइलोव्हिच नावाचा चेलोवादक त्या जागी चेलो घेऊन बसला आणि 22 दिवस वाजवत राहिला. त्याची हकीकत ओ'नील यांच्या कानावर गेली आणि त्यातून हे उभं राहिलं. ते म्हणायचे, यात गिटार-ड्रम म्हणजे एक बाजू, ऑर्केस्ट्रा म्हणजे दुसरी बाजू, आणि एकटं चेलो म्हणजे तो माणूस. हे मला आधी माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हजारो माणसांनी श्वास धरलेला असताना ते एकटं चेलो ऐकणं वेगळं.

दुसऱ्या अर्ध्या भागात कथा नव्हती, नुसता जोर. बेटहोव्हेन, मोझार्ट, सगळ्यांना गिटारवर घेतलं. वरून खोटा बर्फ पडला, तो बाबांनी तळहातावर झेलून बघितला आणि मला म्हणाले, “हा थंड नाई.” ओ'नील 2017 मध्ये गेले, पण त्यांनी उभं केलेलं थांबलं नाही. बँडच्या नावाचा अर्थही ते सांगत. सायबेरिया अफाट, कठीण आणि तरी सुंदर, आणि त्या सगळ्यातून जाणारी एकच एक रेल्वे. तसं आयुष्य, आणि त्यातून जाणारं गाणं.

परत येताना रस्त्यावर इरी तलावाकडून वारा सुटला होता, गाडी हळू चालवत होते. बाबा म्हणाले, “ते चार सूर कोणाचे?” मी सांगितलं, मूळ युक्रेनचं लोकगीत आहे. मिकोला लेओंतोविच यांनी ते समूहगानासाठी बांधलं, 1916 मध्ये कीव्हमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. पुढे पाच वर्षांत, 1921 मध्ये, सोव्हिएत हेरखात्याच्या माणसाने लेओंतोविचना त्यांच्या वडिलांच्या घरात गोळी घातली. नाताळाचे इंग्रजी शब्द नंतर अमेरिकेत बसले. मूळ गाण्यात नाताळ नाहीच. नव्या वर्षाचं गाणं आहे ते. एक पाकोळी उडत घरात येते आणि घरधन्याला म्हणते, बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्या व्याल्या, कोकरं झाली, यंदा तुझ्या घरी भरभराट आहे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आपला नंदीबैलवाला.”

आणि खरंच की! सुगीनंतर दारात येणारा, गुबुगुबु वाजवणारा, “पाऊस येईन का रे नंदी?” विचारणारा, नंदीने मान हलवली की माय सुपात धान घेऊन बाहेर यायची. लहानपणी मी त्याच्या मागे पार बोडीपर्यंत जायचे. युक्रेनातल्या कोणा शेतकऱ्याच्या दारात पाकोळी येत होती, आमच्या दारात नंदी. दोघेही तेच सांगत होते, गोठा भरेल, कणगी भरेल.

घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. गावात पहाटेचे पाच. मी म्हटलं, आता कोणाला उठवता. बाबा म्हणाले, झोपलंय कोण. फोन लावला. काकाने पहिल्याच रिंगला उचलला. मागे माणसांचा गलबला, कुत्री, कोणाच्या तरी मोटारसायकलची किक. सगळे नाटकातून घराकडे निघाले होते.

“कसं झालं?” बाबांनी विचारलं.

काकाने सगळं सांगितलं. नायिकेचा गळा गोड होता, विनोदी नटाने पोट दुखेपर्यंत हसवलं, तिसऱ्या अंकात लाइट गेली तर जनरेटर यायला वीस मिनिटं लागली, तोवर ऑर्गनवाल्याने अंधारात भजन धरलं आणि अख्ख्या पेंडालाने म्हटलं. बाबा प्रत्येक गोष्टीला “हो का, हो का” करत होते. मग काकाने विचारलं, “आणि तुमचं? पोरीनं काय दाखवलं?”

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर माझा पिठाचा रिकामा डबा होता. तो ओढून मांडीवर घेतला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “जवळ धर.” उजव्या हाताची करंगळी आधी पडली, मग बाकीची तीन. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा डावा तळवा खालून आला. पलीकडून चालण्याचा आवाज थांबला, आणि काका कोणाला तरी म्हणाला, “अरे थांबा रे, चुप राहा जरा, दादा वाजवून रायला.”