काकांनी पेरं मोजली आणि कॉल केला
मी पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर पोकर डीलर आहे. पत्ते वाटायचे, पॉट म्हणजे डावावर लागलेले पैसे सांभाळायचे, रेक म्हणजे त्यातला कॅसिनोचा वाटा कापायचा आणि तोंड बंद ठेवायचं, यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. ट्रेनिंगमधे आम्हाला हाताचा वेग शिकवतात, गणित नाही, ते मी टेबलावरच्या लोकांकडून उचललं आणि सगळ्यात जास्त एका काकांकडून, कोल्हापूरकडचे, गणिताचे रिटायर सर.

शनिवारची रात्र, 100-200 चं टेबल, म्हणजे दर डावाला दोघांनी आधीच 100 आणि 200 लावायचे. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पत्ते, काकांनी रेज केलं म्हणजे रक्कम वाढवली, दिल्लीचा एक पोरगा कॉल करून, म्हणजे तेवढेच पैसे लावून आला, बाकी सगळे आउट. फ्लॉप, म्हणजे मधे उघडे मांडलेले सगळ्यांचे पहिले तीन पत्ते, पडला चौकट राजा, इस्पिक राणी, इस्पिक सत्ती. काकांनी बेट, पोराने कॉल. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, बदाम तिर्री, परत तेच. रिव्हर, म्हणजे शेवटचा पाचवा, किलवर दुर्री, काकांनी चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली, आणि पोराने 9 हजारच्या पॉटात सरळ 9 हजार ढकलले.

काका मराठीत पुटपुटायला लागले तसं मी म्हटलं सर, ओन्ली इंग्लिश प्लीज, हात चालू असताना तसा नियमच आहे. मग ते गप्प झाले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले, आपल्याकडे म्हातारी माणसं तिथी मोजतात ना अगदी तसं. पोरगा हसत होता. शेवटी काकांनी कॉल केला, बदाम राजा आणि बदाम गुलाम, म्हणजे राजांची जोडी. पोराने दोन सत्त्या दाखवल्या, म्हणजे खालची धरून तीन सत्त्या. 27 हजारचा पॉट तिकडे सरकवला मीच.

शिफ्ट संपल्यावर जेट्टीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत काका भेटले, चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले ऐक, 9 हजार घालून 27 चा पॉट, म्हणजे तीनातून एकदा जिंकलो तरी बरोबरी. आता त्याच्याकडे काय असू शकतं? एक्का-राजा किंवा एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी असती तर पत्ते बघूनच रीरेज केला असता, ते गेलं. सत्तीची जोडी एरवी 6 प्रकारे येते पण एक सत्ती खाली पडलीय म्हणून 3 प्रकारे, तिर्रीची तशीच 3. राजा-राणीला राजे उरले दोन कारण एक खाली एक माझ्याकडे, राण्या तीन, झाले 6. एकूण 12 हात मला मारतात. फसलेल्या इस्पिक फ्लशच्या, म्हणजे हातात दोन इस्पिकं पण पाच काही जमली नाहीत आणि आता नुसता दम देतोय अशा, मला फक्त 6 जोड्या हव्या होत्या, अठरातून सहा म्हणजे तीनातून एकदा, आणि एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी, छक्की-पंजी, झाल्या की सहा, एक्क्याबरोबरची लहान इस्पिकं वेगळीच. माझ्या हातात एकही इस्पिक नव्हतं, इस्पिक गुलाम असता तर दोन जोड्या तिथेच कटल्या असत्या आणि कॉल इतका सोपा नसता.

हिशोबात चूक काढायला जागाच नव्हती. पण मला काही केल्या राहवेना, शिफ्टही संपली होती. म्हटलं काका, तुम्ही जेवायला उठला होतात तेव्हा याच पोराचा फ्लश दोनदा फसला, दोन्ही वेळा त्याने रिव्हरला चेक केलं आणि फसलेले पत्ते उघडे केले. बेट लावायचा सोन्यासारखा चान्स होता, लावली नाही. म्हणजे जोड्या सहा असतील हो, पण हा माणूस त्यातल्या किती खेळतो? मी तर दोनच धरल्या असत्या.

काकांचा अंगठा परत पेरांवर. बारा आणि दोन चौदा, त्यातले दोन, म्हणजे सातातून एकदा. अरेच्चा, हा तर फोल्ड होता रे, पत्ते टाकून द्यायला हवे होते, आणि तू तिथे बसून नुसता बघत होतास?

म्हटलं, बोललो असतो तर नोकरी गेली असती.

ते नुसते हसले आणि उद्या तू कुठल्या टेबलावर असशील विचारायला लागले. आमची टेबलं रात्रभर फिरती असतात हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले मग मी जेवूनच येतो.