वायरबुशची भट्टी

कोलोनचे तीन दिवस मी लिहिणारच नाही. कॅथेड्रल थोर आहे, पण गर्दी इतकी की धड उभं राहून वर बघता आलं नाही. मला सांगायचंय ते वायरबुश या जर्मन खेड्याबद्दल.

झीग नदीच्या काठाकाठानं जाणारी लोकल आऊ स्टेशनला सोडते. पुढे वेस्टरवाल्डचे डोंगर. रविवारी बस नव्हती, टॅक्सीवाल्यानं मागितले ते दिले. एवढा खटाटोप कशासाठी? आमचे अण्णा तीस वर्षं गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. सोसायटीच्या भिंतीवर गांधीजींशेजारी दाढीवाल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. लहानपणी मी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "हे रायफायझन. आपलं कर्ज यांच्या डोक्यातून निघालं."

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन, जन्म 1818, जवळच्याच हाम गावचा. तोफखान्यात भरती झाला, पण डोळ्यांच्या आजारानं लष्कर सोडावं लागलं. 1845 साली प्रशियन सरकारनं त्याला वायरबुशचा ब्युर्गरमाइस्टर नेमलं. शब्दकोशात याला महापौर म्हणतात, पण निवडून न येता वरून नेमलेला आणि हाताखाली बावीस खेडी असलेला हा माणूस मला आपल्या मामलेदाराच्या जवळचा वाटतो.

दुसऱ्याच वर्षी पीक बुडालं. 1846-47 चा तो हिवाळा उपासमारीचा. सरकारी कोठारातून पीठ मिळालं, पण हुकूम असा की रोख पैसे देईल त्यालाच द्यायचं. रोख पैसे असते तर लोक उपाशी कशाला राहिले असते! या तरुण अधिकाऱ्यानं हुकूम बाजूला ठेवला आणि पीठ उधारीवर वाटलं. गावातल्या पैसेवाल्यांकडून निधी उभा करून 'ब्रोडफेराइन', म्हणजे पावमंडळ, काढलं आणि भट्टी बांधली. तिथला पाव बाजारापेक्षा बराच स्वस्त पडायचा.

ते भट्टीघर आता पुन्हा उभारलंय. बुटकं, काळ्या तोंडाचं. मी त्या तोंडापुढे बराच वेळ उभा राहिलो. अण्णांच्या टेबलापुढे दुष्काळात टोपी हातात घेऊन उभी राहणारी माणसं आठवली. थकबाकीदाराला नवं कर्ज नाही, हा नियम वाचून दाखवताना अण्णांचा आवाज बारीक व्हायचा. शेजारच्या घरातल्या आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता आतून पाणी नि लोणी लावलेला पावाचा जाड तुकडा आणून दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन. या प्रवासात इतकं आपुलकीचं काही खाल्लं नाही.

तिथून चालत फ्लामर्सफेल्डला गेलो. 1848 मध्ये रायफायझनची बदली तिथे झाली. उभ्याआडव्या लाकडी पट्ट्यांचं त्याचं घर अजून आहे. इथे गुरांचे व्यापारी शेतकऱ्याला गाय उधार देत आणि व्याजात गोठा रिकामा करत. 1849 साली त्यानं मदतमंडळ काढलं, गावातले साठ सधन लोक जामीन राहिले. गाय मंडळानं घ्यायची, शेतकऱ्यानं हप्त्यानं फेडायची.

रात्री अण्णांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "जामीन कोण?"

"साठ पैसेवाले."

"ते टिकायचे नाहीत रे. ज्याला कर्ज लागत नाही, तो दुसऱ्यासाठी किती दिवस अंगठा देईल?"

अण्णा कधी जर्मनीला आलेले नाहीत. पण घडलं नेमकं तेच. पुढे ऱ्हाइनकाठच्या हेडेसडोर्फला असताना श्रीमंतांचा उत्साह ओसरला, आणि 1864 साली त्यानं रचना उलटवली: कर्ज हवं त्यानंच सभासद व्हायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांची जबाबदारी घ्यायची. पुढच्याच वर्षी प्रकृती आणि दृष्टी ढासळल्यानं नोकरी गेली. या कर्जमंडळांवरचं 1866 चं पुस्तक त्यानं लेक अमालीला तोंडी सांगून लिहवलं. तीस वर्षांनी मद्रासमधला इंग्रज अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यानं सरकारला दिलेल्या अहवालाचं सार दोनच शब्दांत सांगितलं: रायफायझन शोधा. मग 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि गावोगाव सोसायट्या निघाल्या.

फोन ठेवण्याआधी अण्णा म्हणाले, "त्या भट्टीचा फोटो पाठव. मोठा करून सोसायटीत लावायला सांगतो."